डॅशबोर्डवरचा न विझणारा दिवा

गाडीची किल्ली फिरवताच डॅशबोर्डवर अनेक छोटे दिवे एकदम उजळतात आणि काही क्षणांत एकेक करून विझतात. त्यांतील एका दिव्यावर बसलेल्या माणसाची आकृती आणि तिच्यापुढे एक वर्तुळ असते. काही गाड्यांत त्याऐवजी ‘एसआरएस’ ही अक्षरे असतात. हा एअरबॅगचा दिवा. पाच-सात सेकंद लागून तो विझला, तर यंत्रणेने स्वतःची तपासणी केली आणि तिला दोष आढळला नाही, असे समजावे. तो विझलाच नाही, किंवा गाडी चालत असताना मध्येच लागला, तर मात्र अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेलच, याची खात्री उरत नाही.

आरोग्याच्या पाक्षिकात मोटारीच्या दिव्याचे काय काम, असे आपल्याला वाटेल. माझ्या दवाखान्यात येणारी पुष्कळ ज्येष्ठ मंडळी दहा-बारा वर्षे जुन्या गाडीतून येतात. मुले परगावी, गाडी सवयीची, वापर बेताचा: दवाखाना, बँक, देऊळ, क्वचित एखादे लग्नकार्य. रक्तदाबाची गोळी एक दिवसही न चुकवणारी हीच माणसे तो दिवा महिनोन् महिने तसाच लागलेला ठेवतात. गाडी नीट चालते, ब्रेक लागतात, मग बिघडले काय? बिघडले आहे ते रोजच्या चालण्यात जाणवणारे नाही, हीच तर अडचण आहे. उच्च रक्तदाबही असाच मुकाट असतो.

हा दिवा लागला की बहुतेक गाड्यांत संपूर्ण यंत्रणा किंवा तिचा काही भाग बंद पडतो. त्यात केवळ एअरबॅग येत नाही. धडक बसताच सीटबेल्टचा सैलपणा क्षणार्धात ओढून घेणारी एक लहानशी यंत्रणा अनेक गाड्यांत असते; तीही याच नियंत्रकाच्या हुकमाने चालते. म्हणजे पिशवी गेली तरी पट्टा आहेच, हे म्हणणे पुरते खरे नाही. पट्टा अर्थातच असतो आणि तोच मुख्य आधार आहे. ‘एसआरएस’मधला पहिला ‘एस’ ‘सप्लिमेंटल’चा, म्हणजे पूरकाचा आहे. परंतु तो ऐन वेळी जितका आवळला जायला हवा, तितका आवळला जाईलच असे नाही.

रुग्ण ‘ताप आहे’ म्हणाला की आम्ही आधी विचारतो: कधीपासून, कशानंतर, रोज येतो की अधूनमधून? गाडीलाही हेच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर लिहून मेकॅनिककडे न्यावीत. दिवा नवी सीटकव्हरे घातल्यानंतर लागला का? गाडी आतून धुऊन घेतल्यावर? बॅटरी उतरल्यावर किंवा बदलल्यावर? पावसाळ्यात गाडीत पाणी शिरल्यावर? गाडी महिनाभर उभी राहिली आणि उंदरांनी वायरी कुरतडल्या, असे तर झाले नाही? स्टिअरिंग वळवताना दिवा लुकलुकतो का, हॉर्न अधूनमधून वाजेनासा होतो का? हा शेवटचा प्रश्न विशेष मोलाचा आहे. स्टिअरिंगच्या चक्राआड गुंडाळलेली एक पट्टीसारखी वायर असते, तिला ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात. चक्र फिरते तशी ती उलगडते आणि पुन्हा गुंडाळते. वर्षानुवर्षांच्या वापराने ती तुटते, आणि तिच्यातूनच जाणारा हॉर्नचा प्रवाहही कित्येकदा तिच्याबरोबर खंडित होतो. जुन्या गाड्यांत हा नेहमीचा दोष आहे.

दुसरा नेहमीचा दोष पुढच्या आसनांखाली सापडतो. तेथे बहुधा पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात. आसन पुढेमागे सरकवताना, किंवा खाली छत्री, पाण्याची बाटली, चपलांची पिशवी कोंबताना ते सैल होतात. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याच्या गाडीत नेमके हेच घडले होते. काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि पाय लांब करता यावा म्हणून काका दर वेळी डावे आसन अगदी मागे सरकवीत. त्या ओढाताणीत खालची वायर ताणली गेली. ओळखीच्या गॅरेजवाल्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. “डॉक्टर, डोळ्यांना त्रास होत होता, आता होत नाही,” असे काका मला समाधानाने सांगत होते. काकूंची हाडे ठिसूळ आहेत हे त्यांच्या तपासणी-अहवालात मीच त्यांना दाखवले होते, आणि त्या बसत होत्या त्याच आसनाच्या यंत्रणेत दोष होता. पुढे जाणकार ठिकाणी गाडी दाखवल्यावर कनेक्टर नीट बसवून वायर बांधून दिली गेली. काम अर्ध्या तासाचे निघाले.

नेहमीच इतक्या स्वस्तात सुटका होते असे नाही. क्लॉक स्प्रिंगला काही हजार रुपये पडू शकतात. नियंत्रकच गेला असेल तर खर्च बराच वाढतो. म्हणून निदान आधी, सुटे भाग नंतर, हा क्रम सोडू नये. स्कॅनर लावला की दोषाचा कोड मिळतो. परंतु पुष्कळ स्वस्त स्कॅनर केवळ इंजिनाचे कोड वाचतात, एअरबॅगचे नाही. गाडी नेण्यापूर्वीच तसे विचारून घ्यावे. शिवाय कोड म्हणजे निदान नव्हे. ‘डाव्या आसनाच्या मार्गात अवरोध जास्त’ एवढेच तो सांगतो. कारण शोधायचे ते माणसाने. कोड नुसता पुसून दिवा विझवणे आणि कारण न शोधता तापावर पॅरासिटामॉल देणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही. बॅटरी अगदी उतरल्यामुळे एकदाच दिवा लागला असेल, तर नवी बॅटरी बसवून कोड पुसणे योग्यच. पण तोच कोड परत आला तर दोष आतच आहे.

काही ठिकाणी याहून वाईट प्रकार चालतात. एअरबॅगच्या जागी लहानसा रेझिस्टर जोडून नियंत्रकाला फसवतात, किंवा हा दिवा दुसऱ्याच दिव्याच्या वायरीला जोडतात, म्हणजे तो वेळेवर लागतो आणि वेळेवर विझतो. जुनी गाडी विकत घेताना किल्ली फिरवल्यावर हा दिवा मुळीच लागला नाही, तर तेही संशयास्पद समजावे. भंगारातली एअरबॅग कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आणि घरातल्या हौशी जावयाला किंवा नातवाला मल्टिमीटर घेऊन त्या पिवळ्या वायरींना हात लावू देऊ नये. मीटरच्या अल्प प्रवाहानेही पिशवी उडू शकते. जाणकार मेकॅनिक आधी बॅटरीची वायर काढतो, काही मिनिटे थांबतो आणि मगच काम सुरू करतो, कारण नियंत्रकात थोडी वीज साठून राहते.

ज्येष्ठांच्या बाबतीत मी एवढा आग्रह का धरतो? तरुणाची बरगडी मोडली तर तो बहुधा महिना-दीड महिन्यात कामाला लागतो. सत्तरीच्या माणसाच्या दोन-तीन बरगड्या मोडल्या की वेदनेमुळे तो खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो, छातीत कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. अपघातातून वाचलेला माणूस आठवड्याने त्या न्यूमोनियाने दगावू शकतो. पट्टा आणि पिशवी मिळून धडकेचा जोर छातीवर व चेहऱ्यावर पसरवतात, एका जागी पडू देत नाहीत.

मात्र चालू स्थितीतली पिशवीही फार जवळ बसणाऱ्याला इजा करू शकते. ती उघडते एका सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात, पापणी लवायच्या आत. म्हणून छातीचे मधले हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे अधिक, अंतर ठेवावे. ठेंगण्या बांध्याच्या किंवा पाठीला बाक आलेल्या व्यक्तींना हे कठीण जाते. त्यांनी आसनाची पाठ किंचित मागे झुकवावी, स्टिअरिंग वरखाली होत असेल तर ते चेहऱ्याकडे नव्हे, छातीकडे वळवावे.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे? गाडी चालवताच येत नाही असे नाही; पण तीत एअरबॅग नाही असे धरून चालावे. द्रुतगती मार्गावरचा लांबचा प्रवास टाळावा. हाडे ठिसूळ असलेल्या व्यक्तीने मागे बसावे, मात्र पट्टा बांधून. मागच्या आसनावर पट्ट्याची गरज नसते, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. धडकेत मागचा माणूस पुढच्या आसनावर फेकला जातो आणि दोघेही जखमी होतात. जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला बहुधा केवळ कमरेचा पट्टा असतो, तेव्हा कडेची जागा निवडावी. पट्टा पोटावरून नको, खाली नितंबाच्या हाडांवरून जावा. वरचा भाग गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून. शाल आणि जाड स्वेटर पट्ट्याखाली दाबून बसू नये. पेसमेकर बहुधा डाव्या खांद्याखाली असतो आणि आपल्या गाड्यांत डाव्या बाजूच्या आसनाचा पट्टा डाव्याच खांद्यावरून येतो. तो टोचतो म्हणून पट्टा टाळण्यापेक्षा चालकाच्या मागची जागा घ्यावी. तेथे तो उजव्या खांद्यावरून येतो. एअरबॅग बंदच आहे म्हणून नातवंडाला पुढे मांडीवर घेणेही चुकीचे. दोष असलेली यंत्रणा उघडणार नाहीच, अशी हमी कोणी देत नाही. आणि पिशवी असो वा नसो, मुलाची जागा मागेच.

दिवा वेळेवर विझत असला, तरी एक दोष त्याला दिसत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधले अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेने खराब होत गेले. असे इंधन धडकेच्या वेळी प्रमाणाबाहेर जोराने जळते, धातूचा डबा फुटतो आणि त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसतात. जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर त्यापायी परत मागवले गेले, त्यांत भारतात विकलेल्या गाड्याही होत्या. मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा याच जातीची आहे. आरसी बुकातला चेसिस क्रमांक घेऊन आपल्या गाडीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी करून घ्यावी. अशा परत मागवलेल्या भागाच्या बदलाचे पैसे पडत नाहीत.

खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल तर काय? नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या आसनाची त्यानंतर. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांना ती मुळातच नव्हती. तेव्हा एवढ्यावरून गाडी मोडीत काढा असे मी सांगणार नाही. पण साठी ओलांडलेली दोन माणसे त्या गाडीतून महिन्यातून दोनदा महामार्गावर जात असतील, तर माझा कौल दुरुस्तीच्या किंवा गाडी बदलण्याच्या बाजूने असेल. गावातल्या गावात हळू फिरणाऱ्यांनी परवडेल तसे ठरवावे.

कधी अपघात होऊन पिशवी उघडलीच, तर गाडीत धुरासारखी पांढरी भुकटी पसरते. ती आगीची खूण नव्हे, पण दम्याच्या रुग्णाला तिने धाप लागू शकते. खिडक्या उघडाव्यात, शक्य असल्यास बाहेर पडावे, इनहेलर हाताशी ठेवावा. डोळे चुरचुरले तर चोळू नयेत, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्या व्यक्तीने, डोक्याला साधा टोला बसला असेल आणि बरे वाटत असेल तरीही, त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, आणि गोळीचे नाव व ती शेवटची कधी घेतली, हे तेथील डॉक्टरांना आपणहून सांगावे.