संचालक मंडळाची जात कोण मोजणार?

खाजगी क्षेत्रात आरक्षण मागितले की लगेच मेरीटचा मुद्दा पुढे केला जातो. कंपनी जात पाहत नाही, गुण पाहते, असे आपल्याला ऐकवले जाते. मग ज्यांच्या हाती कंपन्यांचा कारभार असतो त्या संचालक मंडळांकडेच एकदा पाहू या.

डी. अजित, हान डाँकर आणि रवी सक्सेना यांनी देशातल्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या ९,०५२ संचालकांची २०१० सालची यादी तपासली. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. ब्राह्मण सुमारे ४५ टक्के, वैश्य ४६ टक्के. ओबीसी ३.८ टक्के. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून ३.५ टक्के! २०११ च्या जनगणनेत याच दोन समाजांची लोकसंख्या पंचवीस टक्के आहे.

या अभ्यासात जात आडनावावरून ठरवली, म्हणून चूक होऊ शकते, हे मान्य. पण थोडीफार चूक धरली तरी चित्र पालटत नाही. आणि आडनावावरून जात ओळखण्याचे कसब या देशात मुलाखत घेणाऱ्यालाही येते आणि घरमालकालाही. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, फक्त नाव-आडनाव बदललेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. मेरीट मग गेले कुठे?

या जातभाईपणाने कंपनीचे तरी भले होते का? मनस्विनी भल्ला आणि सहकाऱ्यांनी भारतातील कंपन्यांच्या विलीनीकरणाचे व्यवहार तपासले. ज्या दोन कंपन्यांचे संचालक एकाच जातीचे, त्यांचे व्यवहार जास्त जुळतात; पण अशा व्यवहारांतून भागधारकांच्या पदरात कमी पडते, असे त्यांना आढळले. म्हणजे जात पाहून केलेला धंदा तोट्याचा.

आणि हा तोटा फक्त शेठजींचा नाही. २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीचा काही भाग शेअर बाजारात जातो. एलआयसी तर कितीतरी कंपन्यांची मोठी भागधारक. गिरणीतल्या, कारखान्यातल्या, सफाई खात्यातल्या आपल्या माणसांच्या घामाचा पैसा तिथे आहे. पैसा चालतो, माणूस चालत नाही!

कायदा काय करतो? २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक कंपन्यांत किमान एक महिला संचालक सक्तीची केली, ते योग्यच झाले. सेबीच्या २०१५ च्या नियमांनी संचालक मंडळातील विविधतेचे धोरण आखायला सांगितले. त्यानंतर मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांसाठी जबाबदारी अहवाल आला. त्यात किती स्त्रिया, किती अपंग, हे कंपनीला लिहून द्यावे लागते. अनुसूचित जाती-जमातीचे किती, हा रकाना तिथे नाही. हा रकाना घाला, एवढी मागणी आपल्या खासदारांनी संसदेत आणि कामगार संघटनांनी सेबीकडे लेखी करावी. आरक्षणाचा वाद त्यानंतर खुशाल करू. आधी आकडा तर बाहेर येऊ द्या.