ईरसा : नावावर न जाता मूळ पाहून घ्या

ईद-उरुसाचे दिवस आले की नांदेड आणि लातूरच्या अत्तारांकडे कुप्यांची मागणी वाढते. 'बनफ्शाचा वास' म्हणून जे अत्तर विकले जाते, त्यामागे बहुधा बनफ्शाचे फूल नसते. तो वास मुळात ईरसाच्या मुळाचा.

युनानी हकीम ज्याला ईरसा किंवा बेखे-सोसन म्हणतात, ते हेच मूळ. आपल्या बाजारात ते 'बेखे-बनफ्शा' या नावानेही मिळते, पण बनफ्शा ही वनस्पती वेगळी. पाकळीवर दाढीसारखी केसाळ पट्टी असलेले हे फूल काश्मीरच्या कब्रस्तानांत लावलेले दिसते. सुगंधी व्यापारासाठी त्याची लागवड इटलीत फ्लॉरेन्सच्या परिसरात आणि मोरोक्कोत होते.

ताज्या मुळाला वास जवळजवळ नसतोच. सुमारे तीन वर्षांनी मूळ खणतात, सोलून वाळवतात आणि पुन्हा दोन-तीन वर्षे साठवतात. तेव्हा कुठे सुगंध तयार होतो. एक टन सुक्या मुळातून वाफेवर जेमतेम दोन किलो अर्क निघतो. तो लोण्यासारखा घट्ट असतो. म्हणून अस्सल माल स्वस्त असूच शकत नाही.

१८९३ साली जर्मनीत टीमान आणि क्रूगर यांनी याच मुळाचा अभ्यास करताना 'आयोनोन' हा कृत्रिम सुगंध तयार केला. तो गवती चहाच्या तेलातील सिट्रालपासूनही बनतो. स्वस्त बनफ्शाच्या अत्तरात बहुधा तोच असतो. तो विकण्यात गैर नाही, अस्सल म्हणून विकण्यात आहे.

मुळाची पूड इतर सुगंध धरून ठेवते, म्हणून ती उटणे, सुगंधी पुड्या आणि दंतमंजनात वापरतात. मात्र काहींना तिची अ‍ॅलर्जी होते. वेखंडाच्या पुडीत आणि हिच्यात गल्लत करू नका. वेखंडाचा वास तिखट, ईरसाचा मंद आणि गोडसर. पूड घेण्यापेक्षा अख्खे मूळ घेऊन घरी कुटावे, म्हणजे भेसळीची भीती राहत नाही.

कोणी रोपे देऊन लागवडीचे आमिष दाखवले तर सावध राहा. या झाडाला थंडी आणि निचऱ्याची जमीन लागते. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाणी साचले की मूळ सडते, आणि तीन वर्षांचे भांडवल मातीत जाते.

ऐब सांगून माल विकणे ही आपली रीत आहे. कुपीवर 'अस्सल' की 'बनावटी' एवढे खरे लिहिले, तर गिऱ्हाईक पुढच्या ईदलाही त्याच दुकानी येईल. हलाल रोजीची बरकत ती हीच.