कोष्ट्यांच्या श्रेणीकडील ठेव

प्राचीन काळाचा इतिहास शिकविताना राजे आणि लढाया यांतच बहुतेक वेळ खर्ची पडतो. त्या काळी कारागीर कसा व्यवहार करीत होता, पैसा कोणाच्या विश्वासावर ठेवला जात होता, हे विद्यार्थ्यांपुढे क्वचितच येते. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील एक शिलालेख ही उणीव भरून काढण्यास उपयोगी आहे.

लेणे क्रमांक १० मधील हा ब्राह्मी लिपीतील लेख क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतील. उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले व सोबत ३,००० कार्षापणे, म्हणजे चांदीची नाणी, कायम ठेव म्हणून दिली. ही रक्कम गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवण्यात आली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. एकीकडे २,००० कार्षापणे दरमहा शेकडा १ व्याजाने, तर दुसरीकडे १,००० कार्षापणे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवली. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी अट होती.

पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यावयाची होती. हा हिशेब शिक्षकांनी फळ्यावर मांडावा. व्याज दरमहा २०, म्हणजे वर्षास २४०. आणि २० भिक्षूंचे प्रत्येकी १२ प्रमाणे २४०च. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक व्याज विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे; ते ९० येते.

श्रेणीवर एवढा विश्वास का? माणूस मरतो, संघ मागे उरतो. शिवाय हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला व रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला गेला. विश्वासाला नोंदीचा आणि लोकांच्या साक्षीचा आधार होता. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी अशाच ठेवी ठेवल्या. त्या घेणाऱ्यांत तेल्यांची श्रेणी होती.

श्रेणी म्हणजे आजची सहकारी सोसायटी, असे मात्र सांगू नये. दोहोंची घटना व कायदा भिन्न आहेत. परंतु माग चालविणाऱ्या हातांवर राजाच्या जावयानेही भरवसा ठेवला, ही गोष्ट वर्गातील कारागिरांच्या मुलांना अवश्य कळावी. इतिहासात आपल्याही घराला स्थान आहे, हे त्यांना त्यातून उमगेल.