बालकांच्या ओठी कोणते गाणे?

महावीर जन्मकल्याणक जवळ आले, की बीड, गेवराई, माजलगाव, आष्टी, कडा, अंबाजोगाई, परळी येथील जैन कुटुंबांत लगबग सुरू होते. मोंढ्यातील आडत आणि कापडाची दुकाने सांभाळणारी मंडळी शोभायात्रेच्या तयारीत गुंततात, तर घरातील मुले सायंकाळच्या सांस्कृतिक कार्यक्रमासाठी नृत्य बसवू लागतात. स्तवने आणि नाटिका ठरलेल्या असतात. प्रश्न उभा राहतो तो सहा-सात वर्षांच्या बालगोपाळांचा. त्यांना त्या वर्षी गाजलेल्या चित्रपटगीतावरच नाचायचे असते. त्या गीतातील शृंगार मुलांना कळत नाही. समोर बसलेल्या आजी-आजोबांना मात्र तो कळतो आणि त्यांची मान खाली जाते. मुलांचा उत्साहही मोडायचा नाही आणि कार्यक्रमाचे पावित्र्यही राखायचे, या पेचातून अनेक माता अ‍ॅनिमेशनपटांतील गीतांकडे वळतात. ती निवड योग्य आहे. मात्र ती डोळसपणे व्हावी.

ही गीते मुलांना इतकी सहज का आवडतात, याचे उत्तर त्यांच्या निर्मितीतच आहे. अ‍ॅनिमेशनपटात बहुधा गाणे आधी ध्वनिमुद्रित होते आणि चित्रे नंतर काढली जातात. पडद्यावरच्या एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. तालाची प्रत्येक मात्रा कोणत्या चौकटीवर पडते, हे मोजून पात्राचे पाऊल, मान आणि हात हलविले जातात. म्हणून अस्वल डुलते ते अगदी ठेक्यावर आणि पक्षी पंख पसरतो तो समेवर. हालचाली ठळक आणि सोप्या असतात, ओळी आखूड असतात आणि ध्रुवपद पुनःपुन्हा येते. बालकाला वेगळा नृत्यशिक्षक लागत नाही; चित्रच त्याचा गुरू होते.

डिस्नेच्या १९६७ च्या ‘द जंगल बुक’पासून १९९४ च्या ‘द लायन किंग’पर्यंत आणि तेथून २०१३ च्या ‘फ्रोझन’पर्यंत हीच रीत दिसते. आज पालक झालेल्या पिढीला दूरदर्शनवरील मोगलीच्या मालिकेचे शीर्षकगीत अजून पाठ असते. गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत लाभलेले ते गीत रविवारच्या सकाळी घरोघरी ऐकू येई.

तथापि, या प्रकारातील एक अनमोल रत्न आपल्याच देशात घडले. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने ‘एक, अनेक और एकता’ हा जेमतेम सात मिनिटांचा लघुपट तयार केला. त्यामागची कल्पक दृष्टी मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांची. चित्रांकन भीमसेन यांचे. शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे आणि संगीत वसंत देसाई यांचे. शाळाशाळांत प्रार्थना म्हणून गायिले जाणारे ‘दो आंखें बारह हाथ’मधील गीत स्वरबद्ध करणारे हेच वसंत देसाई. लघुपटातील बालस्वर आहे तो पुढे ख्यातनाम झालेल्या साधना सरगम यांचा. सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या कृतीला मिळाला.

कथा पंचतंत्रातील आहे. पारध्याच्या जाळ्यात पक्षी सापडतात, सारे मिळून जाळ्यासह उडतात आणि मित्र असलेले उंदीर ते जाळे कुरतडून त्यांची सुटका करतात. जैन कुटुंबातील पालकाने येथे क्षणभर थांबावे. पक्षी मुक्त होतात, पण पारध्यावर कोणी चोच उगारीत नाही. मुके जीव बंधनात पाहून वरातीतून रथ परत फिरविणाऱ्या भगवान नेमिनाथांची कथा पाठशाळेत ऐकणाऱ्या मुलाला या गाण्यातील करुणा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

फिल्म्स डिव्हिजनच्या याच परंपरेत घडलेले राम मोहन यांनी नव्वदच्या दशकात युनिसेफच्या ‘मीना’ या मालिकेला रूप दिले. मीना ही खेड्यातील एक चुणचुणीत मुलगी. भाऊ राजूला आंब्याचा मोठा वाटा मिळतो आणि तिला लहान; ती का, असे विचारते. मग दोघे दिवसभरासाठी कामांची अदलाबदल करतात आणि बहिणीचे काम किती जड आहे, हे राजूला उमगते. महाराष्ट्रातील शाळांत ‘मीना राजू मंच’ याच पात्रांच्या नावाने चालविले गेले.

बीड जिल्ह्यात या मीनेचे मोल अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वर्षे वयोगटात राज्यात दर १००० मुलांमागे ८९४ मुली होत्या. बीडमध्ये त्या अवघ्या ८०७ होत्या. राज्यात हा आकडा सर्वांत कमी होता. २०११ मधील ती बालके आज किशोरवयात आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर आहेत. मुंगीलाही जपून पाऊल टाकण्याची शिकवण असलेल्या समाजाने या आकड्यासमोर मौन धरणे शोभत नाही. गर्भातील कन्येचे रक्षण ही जीवदयेची पहिली पायरी होय. रंगमंचावर सहा वर्षांची मुलगी मीना होऊन गाते आणि तिचा भाऊ राजू होऊन तिच्यासोबत नाचतो, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या काका-मामांना व्याख्यानाहून अधिक काही ऐकू येते.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. प्रथम, गीताचे शब्द स्वतः वाचावेत आणि त्यांचा अर्थ मुलाला विचारावा. ज्याचा अर्थ घरात उघडपणे सांगता येत नाही, ते गीत बाजूला ठेवावे. दुसरे, गीताबरोबर त्याची कथाही सांगावी, म्हणजे नृत्य केवळ हातवारे राहत नाही. तिसरे, चित्र दोन-तीनदा दाखवून मोबाइल बंद करावा आणि मुलांना ते गीत स्वतःच्या गळ्याने म्हणू द्यावे. आजीच्या तोंडचे बडबडगीत किंवा ‘नाच रे मोरा’ही त्याच बैठकीत यावे. गदिमांचे शब्द, पु. लं.चे संगीत आणि आशाताईंचा स्वर लाभलेले हे गीत १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील असून, त्याच्यासाठी कोणत्याही पडद्याची गरज नाही.

दुकान वाढविल्यावर दिवसाचा हिशेब मांडण्याची व्यापारी घराची जुनी शिस्त आहे. त्याच वेळी दहा मिनिटे मुलांनी काय गायिले, हेही वडिलांनी ऐकून घ्यावे. मालाची पारख करणाऱ्या नजरेला गाण्याची पारख अवघड नाही.