बादलीसकट ड्रमसेट

पिंपरी-चिंचवडच्या रहाटणी-काळेवाडीतल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये काम केलेल्या माणसाला फिक्स्चर म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. मशीन कंपनीतून तयार येतं. जॉब धरणारं फिक्स्चर मात्र कामाप्रमाणे बनवून घ्यावं लागतं. तालवादक त्रिलोक गुर्टूंचा ड्रमसेट मला याच जातीचा वाटतो.

जॅझचा ड्रमर स्टुलावर बसतो, एक पाय बेस ड्रमच्या पेडलवर, दुसरा हाय-हॅटवर. गुर्टूंनी मुळात स्टूलच काढून टाकलं. ते जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यांवर बसतात. भोवती ड्रम, झांजा, घंटा, शिंपल्यांच्या माळा आणि तबला-डग्गा. तबलजीची बैठक जमिनीवरची. स्टुलावरून तबल्याकडे वळायचं तर लय सुटणार. खाली बसल्यावर हातातली काडी टाकून बोटं पुडीवर यायला वेळ लागत नाही.

शेजारी पाण्याने भरलेली बादली. तबल्याच्या पुडीला जरा ओल सोसत नाही, आणि हे गृहस्थ तिच्या शेजारी पाणी मांडून बसतात! घंटा किंवा छोटी गाँग वाजवायची आणि वाजत असतानाच पाण्यात बुडवायची. थरथरणाऱ्या धातूला पाण्याचं ओझं होतं, कंपनं मंदावतात आणि स्वर घसरत खाली येतो. वर काढली की पुन्हा चढतो. ही युक्ती अमेरिकेत संगीतकार जॉन केजने १९३०च्या दशकातच केली होती. पण आपल्या कानाला तो आवाज परका वाटत नाही. मनगट दाबून डग्ग्याचा स्वर असाच तर सरकवतात.

गुर्टूंचा जन्म मुंबईचा, १९५१चा. आई ठुमरीगायिका शोभा गुर्टू, माहेरच्या बेळगावच्या शिरोडकर. घरात आधी तबला आला, ड्रम नंतर. पाश्चात्त्य रेकॉर्डी ऐकून शिकताना ओव्हरडबिंग नावाचा प्रकार असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं, असं ते सांगतात. थरावर थर चढवून रेकॉर्ड केलेलं सगळं एकच माणूस वाजवतोय, असं समजून त्यांनी ते एकट्याने बसवलं. अज्ञानाचा इतका फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.

‘ओरेगॉन’ या अमेरिकन जॅझ-चौकडीचा कॉलिन वॉलकॉट १९८४ साली अपघातात गेला. तो अल्लारखाँकडे तबला शिकलेला अमेरिकन. त्याच्या जागी पुढे आले ते ड्रमकडे वळलेले मुंबईचे गुर्टू. १९८८ साली ‘उस्फ्रेत’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम निघाला, त्यात शोभाताईंचा आवाज आहे. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या त्रयीत त्यांनी वाजवलं, त्याची ध्वनिमुद्रिका मिळते. दोघांची तोंडाने बोल म्हणण्याची चढाओढही त्या त्रयीच्या मैफलींत असायची. फ्यूजनचा हा भाग मला फारसा रुचत नाही. तिहाईमागून तिहाई, वेग वाढला की टाळ्या. आपल्याकडच्या निम्म्या फ्यूजन-रात्री त्यातच संपतात.

त्यापेक्षा बादली बरी. तिला वेग नाही. हा संच मोठ्या मैदानात नेला की पाण्यावरही माइक टांगावा लागतो आणि साउंडवाल्याचा जीव टांगणीला. शे-दीडशे माणसांच्या क्लबात पुढच्या टेबलांना स्वर घसरताना ऐकूही येतो आणि गाँग कितपत बुडाली तेही दिसतं. तिकिटाचे पैसे मी त्या टेबलासाठी मोजेन.