पिकांच्या पोषणात बोरॉनचे स्थान : मुळशी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना : हिंजवडीचे नाव आज राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे सर्वपरिचित असले, तरी मुळशी तालुक्याची जुनी ओळख आंबेमोहोर भाताची आहे. पीक हिरवेगार दिसूनही लोंबीत पोचट दाणे अधिक निघाले, की दोष कीड वा अवकाळी पावसाला दिला जातो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु बोरॉनची उणीव हे एक कारण असू शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

बोरॉनचे कार्य : बोरॉनची आवश्यकता इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३ मध्ये बाकल्याच्या रोपांवर सिद्ध केली. पेशीभित्तिकेतील पेक्टिनचे धागे बोरॉनमुळे परस्परांशी जोडले जातात. परागनलिकेची वाढही त्यावर अवलंबून असते. त्यामुळे पाने निरोगी असतानाही फलधारणा बिघडू शकते. बहुतेक पिकांत जुन्या पानांतील बोरॉन नव्या फुटीकडे वळत नाही, म्हणून उणिवेची लक्षणे शेंड्यावर व फुलोऱ्यात प्रथम उमटतात. भातासारख्या एकदल पिकांची गरज कमी असते, फुलकोबीची अधिक. उणीव असल्यास फुलकोबीचा दांडा पोकळ होतो व गड्डा तपकिरी पडतो.

जमिनीतील स्थिती : जमिनीत बोरॉन मुख्यतः प्रभाररहित बोरिक आम्लाच्या रूपात असते. मातीचे कण ते घट्ट धरून ठेवत नाहीत. साहजिकच ताम्हिणीकडील अतिपावसाच्या भागात ते निचऱ्याबरोबर वाहून जाते. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, सामू अधिक असल्याने, ते असूनही पिकास मिळत नाही. उणीव तीच, कारणे मात्र परस्परविरुद्ध.

परीक्षण व मात्रा : डीटीपीए पद्धतीने जस्त, लोह, मंगल व तांबे मोजले जाते, बोरॉन नव्हे. त्यासाठी उष्ण जलाने निष्कर्षण करावे लागते. प्रमाण किलोमागे सुमारे ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आढळल्यास उणीव मानतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बोरॉनचा रकाना आहे. तो वाचल्याशिवाय बोरॅक्स टाकू नये, कारण गरज आणि विषबाधा यांतील अंतर फारच थोडे असते. हेक्टरी १० किलो बोरॅक्समधून सुमारे १ किलो बोरॉन मिळते. एवढी अल्प पूड हेक्टरभर सारखी पडणे अवघड. जेथे ढीग पडतो तेथे रोपे करपतात. म्हणून ती चाळलेल्या शेणखतात मिसळून पसरावी.