केक, शॅम्पेन आणि पिंपातली किल्ली

मंडळी, मागच्या वेळी आपण ‘रुची’ या शब्दापाशी थांबलो होतो. रुचीला खरंखोटं असतं का, की ज्याची त्याची आवड म्हणून सोडून द्यायचं? आज एक घरचंच उदाहरण घेऊ.

आमच्या पुतणीचं लग्न फ्रान्समध्ये झालं. मुलाकडची मंडळी तिथलीच. जेवणाच्या शेवटी त्यांच्या रिवाजाप्रमाणे क्रीम भरलेल्या गोळ्यांचा, साखरेच्या पाकाने चिकटवून रचलेला उंच मनोरा आला आणि त्याबरोबर शॅम्पेन. आमच्या दादांनी, म्हणजे वधूपित्याने, एक गोळी खाल्ली, वर घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘अरे, हे तर लिंबाचं पाणी!’ म्हणाले मराठीत, पण चेहरा सगळ्यांनाच वाचता आला. हशा पिकला. ‘बाबा, तुम्हाला सवय नाही हो,’ असं मुलगीच म्हणाली. दादा ओशाळले. पुढे रात्रभर त्यांनी पेल्याला हात लावला नाही. आणि हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केलं पाहिजे.

आता डेव्हिड ह्यूमकडे वळू. 1757 साली प्रसिद्ध झालेल्या रुचीवरच्या निबंधात तो ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट सांगतो. सांचोच्या दोघा नातेवाइकांना वाइनची पारख करायला बोलावतात. एक म्हणतो, छान आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणतो, लोखंडाची. लोक दोघांना हसतात. पुढे पिंप रिकामं होतं, तर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली!

दादांच्या पिंपातली किल्ली कोणती? साखर. शॅम्पेनचा प्रदेश, रँस आणि एपेर्ने या गावांच्या आसपासचा, फ्रान्सच्या उत्तरेकडचा आणि थंड. तिथल्या द्राक्षांत आंबटपणा भरपूर राहतो. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवल्यावर, बूच लावण्याआधी, त्यात थोडी साखर घालतात. आज सर्रास मिळणाऱ्या ‘ब्रूट’ प्रकारात ती लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी असते. जिभेवर आधी पाक असला की ही थोडकी साखर जाणवतच नाही, उरतो तो नुसता आंबटपणा. पेढा खाऊन लगेच संत्रं खाऊन बघा. तेव्हा दादांची जीभ अडाणी नव्हती, ती बरोबर सांगत होती.

मग हा रिवाज पडला कसा? इथे इतिहास मोठा गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकातली शॅम्पेन मुळात गोड होती. रशियात जाणाऱ्या बाटल्यांत तर लिटरला दोनशे ग्रॅमहून जास्त साखर असे, म्हणजे आजच्या कोलाच्या जवळजवळ दुप्पट. झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी 1876 साली लुई रोडेररने काढलेली ‘क्रिस्टाल’सुद्धा गोडच. असली शॅम्पेन गोडाबरोबर शोभत होती. इंग्रजांना मात्र कमी गोड हवी होती. मादाम पॉमरीची 1874 च्या हंगामाची ब्रूट त्यांच्याकडे गाजली, आणि हळूहळू सगळीकडेच साखर उतरत गेली. वाइन बदलली, पण केकचं ताट काही तिच्यासमोरून हललं नाही. कारण नाहीसं झालं, नियम राहिला. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्यात अशी उदाहरणं किती सापडतील, तुम्हीच मोजा.

ब्रूटबरोबर खावं ते खारट, तळलेलं, स्निग्ध. बटाट्याचे साधे वेफर्स फार चांगले लागतात. (हे सांगितलं की लोकांना आम्ही थट्टा करतोय असं वाटतं.) तेलातुपाचा थर जिभेवर बसतो, तो आंबटपणाने आणि बुडबुड्यांनी निघतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. त्याच भागातलं शाउर्स नावाचं मऊ चीज घ्या, तिथेही तेच. कालवांची जोडी तर जुनी आहे. 2020 साली कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिचं एक कारण मांडलं: शॅम्पेन बाटलीत मेलेल्या यीस्टवर महिनोन्‌महिने पडून असते, त्यातून ग्लुटामेट उतरतं. कालवांत न्यूक्लिओटाइड असतात. दोन्ही एकत्र आली की ‘उमामी’ ही चव, म्हणजे सूप-रश्शातला तो भरीवपणा, बेरजेपेक्षा जास्त वाढते. तिखटापासून मात्र सांभाळा. बुडबुडे आणि अल्कोहोल मिळून जळजळ वाढवतात. चकली चालेल, ठेचा नको.

आणि गोडच हवं असेल तर ‘दमी-सेक’ मागा. तीत साखर लिटरला 32 ते 50 ग्रॅम असते. पुढच्या खेपेला पुतणीने तीच आणली, फळांच्या टार्टबरोबर. दादांनी आधी पेला नाकाशी धरला, मग आमच्याकडे पाहिलं, मग घोट घेतला. ‘ही ठीक आहे,’ म्हणाले. आवडली असं नाही म्हणाले.

इथे कांट आपल्याला अडवेल. 1790 च्या ग्रंथात त्याने कॅनरी बेटांवरच्या वाइनचंच उदाहरण घेतलंय: ती सुखद आहे असं म्हणू नका, ‘मला सुखद आहे’ म्हणा. आंबटपणाचं कारण दाखवता येतं. आवडीचं दाखवता येईल का? वेळ संपत आली आहे, तेव्हा कांटपासून पुढच्या गुरुवारी सुरुवात करू.